अदृश्याचे प्रदर्शन आणि प्रदर्शनातले अदृश्य

चित्रप्रदर्शनाच्या पुस्तिकेत ‘गूढ’, ‘पारलौकिक’, ‘अनाहत’, ‘शब्दांपलीकडचे’ असे शब्द दाटीवाटीने दिसू लागले की चित्रांकडे पाहण्याचे काम तेथेच थांबले, असे खुशाल समजावे. अनेक चित्रकारांना एका छपराखाली आणायचे आणि त्या सर्वांच्या कामावर ‘अदृश्याचा शोध’ अशी एकच पाटी लावायची, ही प्रथा गेल्या पन्नास वर्षांत जगभर रुळली आहे. आपल्याकडे तर ती फारच सोयीची ठरली, कारण येथे अध्यात्म हा शब्द उच्चारताच पुढचा प्रश्न विचारणे असभ्यपणाचे मानले जाते. या पाटीबद्दल आमची तक्रार आहे. अदृश्याचा अनुभव माणसाला येतो आणि त्यातून थोर कला निर्माण होते, हे आम्ही नाकारत नाही. मात्र ‘गूढ’ हा शब्द ज्या क्षणी प्रश्नाऐवजी उत्तर म्हणून वापरला जातो, त्या क्षणी तो कलावंताचे श्रम, त्याचा इतिहास आणि त्याच्या भोवतीची माणसे झाकून टाकतो. अदृश्य दाखवायला निघालेली प्रदर्शने स्वतःच काही गोष्टी अदृश्य करीत असतात. त्या कोणत्या, हे पाहण्यासाठी तीन प्रदर्शनांचा दाखला पुरेसा आहे.

पहिले प्रदर्शन अर्थातच लॉस एंजेलिसचे. नोव्हेंबर १९८६ मध्ये तेथील कौंटी म्युझियममध्ये मॉरिस टकमन यांनी ‘द स्पिरिच्युअल इन आर्ट : अॅब्स्ट्रॅक्ट पेंटिंग १८९०–१९८५’ हे प्रदर्शन मांडले. पुढे ते शिकागोला आणि हेगला गेले. अमूर्त चित्रकला म्हणजे केवळ रंग, रेषा आणि सपाट पृष्ठभाग यांचा स्वयंपूर्ण खेळ, हे तेव्हाच्या अमेरिकी समीक्षेतले जवळजवळ वेदवाक्य होते. कांडिन्स्की, मोंद्रियान, कुप्का, मालेविच यांच्या अमूर्ततेमागे थिऑसफी, प्रेतसंवाद, चौथी मिती असल्या कल्पनांचा मोठा साठा आहे, असे टकमन यांनी ठासून मांडले. ही कामगिरी लहान नव्हती. हिल्मा आफ क्लिंट या स्वीडिश चित्रकर्तीला जगापुढे आणण्याचे श्रेयही याच प्रदर्शनाला द्यावे लागते. तेवढे श्रेय देऊन आम्ही पुढे जातो.

टकमन यांनी या साऱ्या सामग्रीची विभागणी पाच प्रेरणांमध्ये केली : विश्वाची प्रतिमा, कंपन, इंद्रियसंकर, द्वंद्व आणि पवित्र भूमिती. या पाच नावांकडे नीट पाहावे. ती कोणत्याही काळाची नाहीत, कोणत्याही गावची नाहीत. एखादी प्रेरणा कुठून आली, कोणत्या बोटीतून आली, कोणी छापली, किती जणांनी वाचली, हे प्रश्न या वर्गीकरणात आपोआप गैरलागू ठरतात. वास्तविक त्या ‘अदृश्या’ला पत्ता होता. १८७५ साली न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्यालय १८८२ पासून मद्रासजवळच्या अड्यार येथे होते. विचार आणि भावना यांना रंग व आकार असतात असे सांगणारे, अमूर्त आकृत्यांनी भरलेले ‘थॉट-फॉर्म्स’ हे पुस्तक अॅनी बेझंट आणि लेडबीटर यांचे. त्याचे जर्मन भाषांतर कांडिन्स्कीच्या संग्रही होते. आपल्या शाळेच्या इतिहासात टिळकांच्या बरोबरीने १९१६ ची होमरूल चळवळ चालवणाऱ्या ज्या बेझंटबाई भेटतात, त्या ह्याच. म्हणजे युरोपीय अमूर्ततेचा एक धागा वसाहतीच्या राजकारणातून, छापखान्यांतून, व्याख्यानांच्या दौऱ्यांतून आणि संस्कृत ग्रंथांच्या बऱ्यावाईट भाषांतरांतून गेलेला आहे. दुसरा धागा प्रयोगशाळेतला. १८९५ साली रॉन्टगेनने क्ष-किरण शोधले, पुढच्याच वर्षी बेकरेलला किरणोत्सर्ग सापडला. डोळ्यांना न दिसणारे काही खरोखरच अस्तित्वात असते आणि त्याचा काचेवर छापही उमटतो, हे त्या पिढीने वर्तमानपत्रात वाचले होते. अणू फुटतो या बातमीने आपल्याला केवढा हादरा बसला, हे कांडिन्स्कीनेच आत्मकथनात नोंदवले आहे. त्या पिढीला अदृश्य ही पुरातन कुजबुज वाटत नव्हती. ती तिच्यासाठी ताजी बातमी होती. ‘पवित्र भूमिती’ म्हटले की हा सारा घाईगर्दीचा, शंकाग्रस्त, आधुनिक काळ पुसला जातो आणि उरतो तो धूपाचा वास.

याच शहरात अवघ्या वर्षभरापूर्वी काय घडले होते? भारत महोत्सवाच्या निमित्ताने १९८५ साली लॉस एंजेलिसच्याच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कलादालनात ‘निओ-तंत्र’ हे समकालीन भारतीय चित्रांचे प्रदर्शन भरले. बिरेन डे, गुलाम रसूल संतोष आदी चित्रकार त्यात होते. त्याच्या उपशीर्षकात ‘परंपरेतून स्फूर्ती घेतलेली’ असे विशेषण या चित्रांना चिकटवलेले होते. दोन्ही प्रदर्शने शेजारी ठेवून पाहिली की वाटणी स्पष्ट होते. भारतीय कल्पना पुस्तकातून उचलणारा युरोपीय चित्रकार ‘आधुनिक’ ठरतो आणि त्याचे अध्यात्म हे त्याचे धाडस मानले जाते. त्याच कल्पनांशी झगडणारा भारतीय चित्रकार ‘परंपरेचा वारस’ ठरतो आणि त्याचे अध्यात्म ही त्याची जात मानली जाते. एकाने शोधले, दुसऱ्याला ते वडिलोपार्जित मिळाले. शोधाचे श्रेय फक्त पहिल्याला.

संतोष यांचेच उदाहरण घ्या. श्रीनगरच्या मुसलमान घरात जन्मलेला हा माणूस आपल्या हिंदू पत्नीचे नाव स्वतःच्या नावापुढे लावतो, बडोद्यात नारायण श्रीधर बेंद्रे यांच्या हाताखाली शिकतो, आधी घनवादी वळणाची निसर्गचित्रे करतो आणि मग काश्मिरी शैव तत्त्वज्ञानाकडे वळतो. यात ‘परंपरेतून आपोआप’ आलेले काय आहे? येथे निवड आहे, जोखीम आहे, घरादाराच्या आणि धर्माच्या रेषा ओलांडण्याचा निर्णय आहे. ‘तंत्र’ या लेबलाने हा निर्णयच नाहीसा केला. त्या लेबलाचा बाजारही आधीच तयार होता. अजित मुखर्जी यांचे ‘तंत्र आर्ट’ साठच्या दशकात निघाले, १९७१ साली लंडनच्या हेवर्ड गॅलरीत तंत्राचे मोठे प्रदर्शन झाले, आणि यंत्रे व मंडले युरोपच्या दिवाणखान्यांत पोहोचली. मागणी तयार झाल्यावर पुरवठ्यालाही तेच नाव मिळाले. आपल्या प्रभाकर बरवे यांच्या सुरुवातीच्या चित्रांवरही हे नाव सहज चिकटते. बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते आणि त्या नोकरीनेच त्यांना साठच्या दशकात बनारसला नेले, ही गोष्ट मात्र तळटीपेत जाते. सुताचा, कापडाचा, नक्षीच्या आराखड्याचा रोजचा सराव त्या चित्रांच्या रचनेत किती उतरला, हे तपासणारे लेखन तंत्रावरच्या लेखनाच्या मानाने थोडे आहे. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचे १९९० चे पुस्तक ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की हा चित्रकार साध्या वस्तूंबद्दल, अवकाशाबद्दल, पाहण्याच्या क्रियेबद्दल किती नेटका विचार करतो. साक्षात्काराच्या भाषेत तो वाहून जात नाही. ती भाषा त्याच्या वतीने इतरांनी बोलायला घेतली.

आता हिल्मा आफ क्लिंट. तिच्या वाट्याला आलेली समीक्षा हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोधप्रद भाग आहे. १८६२ चा जन्म, स्टॉकहोमच्या राजकीय कला अकादमीत पाच वर्षांचे रीतसर शिक्षण, निसर्गचित्रे आणि वनस्पतींची चित्रे करून चरितार्थ. १८९६ पासून चार मैत्रिणींबरोबर प्रेतसंवादाच्या बैठका. १९०६ ते १९१५ या काळात, मधली सुमारे चार वर्षांची खंडित अवस्था वगळून, ‘मंदिरासाठीची चित्रे’ ही १९३ चित्रांची मालिका. त्यातली ‘दहा भव्यतम’ १९०७ ची, प्रत्येक सुमारे तीन मीटर उंच. म्हणजे कांडिन्स्कीचे कलेतील आत्मिकतेवरचे पुस्तक छापून येण्याच्या चार वर्षे आधीची. मृत्यूनंतर वीस वर्षे हे काम कोणाला दाखवू नये, असे तिने बजावून ठेवले. १९४४ साली ती वारली. सत्तरच्या दशकाच्या तोंडावर स्टॉकहोमच्या आधुनिक कला संग्रहालयाला हा ठेवा देऊ केला गेला तेव्हा त्यांनी तो नाकारला.

१९८६ च्या प्रदर्शनानंतर हिल्टन क्रेमर या नामांकित समीक्षकाने तिची चित्रे म्हणजे रंगीत आकृत्यांपलीकडे काही नाही असा निवाडा दिला, आणि ती बाई नसती तर तिला एवढे महत्त्व मिळालेच नसते, असेही सुचवले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली अमूर्ततेच्या जन्मावर मोठे प्रदर्शन भरवले, त्यात तिला जागा नव्हती. मग वारे फिरले. २०१८–१९ मध्ये न्यूयॉर्कच्याच गुगनहाइममध्ये तिचे प्रदर्शन सहा लाखांहून अधिक लोकांनी पाहिले. त्या संग्रहालयाच्या इतिहासातला तो विक्रम ठरला. आता तिच्यापुढे हात जोडून उभे राहणाऱ्यांची रांग आहे. आमचे म्हणणे असे की क्रेमर आणि ही रांग एकच चूक करीत आहेत. क्रेमर म्हणतो, आत्म्यांनी सांगितले म्हणून काढले, तेव्हा ही कला नव्हे. रांग म्हणते, आत्म्यांनी सांगितले म्हणून काढले, तेव्हा ही कलेहून थोर. दोघांनीही चित्र काढणाऱ्या हाताला रजा दिली आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. चित्रे आपल्याला सांगितली गेली, असे हिल्मा स्वतःच म्हणत होती. मग तिच्या शब्दाचा मान तुम्ही का राखत नाही? आम्ही तो राखतो, आणि तो राखायचा म्हणून तिने मागे ठेवलेला सगळाच शब्द वाचावा म्हणतो. तिच्या वह्यांची पाने वीस हजारांच्या वर भरतात. आपल्या चित्रांतल्या अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थ लावणारा कोश तिने स्वतः तयार केला. ‘मंदिरासाठीच्या चित्रां’च्या छायाचित्रांशेजारी प्रत्येकाची छोटी जलरंगी प्रत डकवून दहा निळ्या वह्या बांधल्या, जणू सोबत नेता येईल असे संग्रहालयच. हे सारे करणारी बाई भारावलेली असेल, पण ती निष्क्रिय खास नव्हती. वनस्पतीचित्रकाराची तीच नजर : निरीक्षण, नोंद, वर्गीकरण, पुन्हा निरीक्षण. शिवाय या कामात अॅना कॅसेलसारख्या मैत्रिणींचा वाटा किती होता, याचा वाद अलीकडे सुरू झाला आहे, आणि तो सुरू झाला तो कागदपत्रे वाचल्यामुळे. ‘गूढ’ म्हणून नमस्कार करून पुढे गेलेल्यांना हा प्रश्न सुचणेच शक्य नव्हते. एकट्या द्रष्टीची दंतकथा टिकवायची तर सोबतच्या बायका दिसून चालत नाहीत.

सोबतच्या बायका न दिसण्याचा प्रकार आपल्या घराच्या अधिक जवळही घडला आहे. १९८९ साली पॅरिसमध्ये झाँ-ह्युबेर मार्तँ यांनी ‘माजिसिएँ द ला तेर’, म्हणजे ‘पृथ्वीचे जादूगार’, हे गाजलेले प्रदर्शन भरवले. शंभरावर कलावंत, सुमारे निम्मे पाश्चात्त्य आणि निम्मे उरलेल्या जगातले. हेतू उदार होता : युरोप-अमेरिकेबाहेरच्या कलावंतांना मानववंशशास्त्राच्या कपाटातून काढून समान भूमीवर आणायचे. ‘कलावंत’ हा शब्द पाश्चात्त्य म्हणून टाळला आणि ‘जादूगार’ हा घेतला. त्या जादूगारांमध्ये डहाणू तालुक्यातले आपले जिव्या सोमा मशे होते.

मशे मोठे चित्रकार होते, याबद्दल दुमत नाही. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली त्यांचे निधन झाले. पण वारली चित्र जेथून येते तो चौक कोण काढतो? लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघाट देवीचा चौक लिहितात त्या सवाशिणी. त्याच्याशी जोडलेली गाणी म्हणते ती धवलेरी. त्या चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे वारल्यांमध्ये अदृश्याला दृश्य करण्याचे काम ही नेमून दिलेली, जबाबदारीची, सामूहिक कृती आहे, आणि ती स्त्रियांची आहे. तिला वेळ आहे, जागा आहे, उपयोग आहे. सत्तरच्या दशकात मशे यांनी कागदावर आणि कापडावर चित्रे काढायला सुरुवात केली ती या विधीपासून बाजूला होऊन. लग्नाची वाट न पाहता रोज चित्र काढणारा एक पुरुष, ही त्या समाजातली खरोखरच आधुनिक घटना होती. मशे यांचे धाडस नेमके यातच आहे. ‘जादूगार’ या शब्दाने एका दगडात दोघांना घायाळ केले. मशे यांची आधुनिकता गेली, कारण जादूगाराला इतिहास नसतो. आणि सवाशिणी गेल्या, कारण जादूगार एकटा असतो. विधी करणाऱ्या गावात राहिल्या आणि विधीचे गूढ पॅरिसला गेले.

आणि वासुदेव गायतोंडे? त्यांच्याबद्दल मराठीत लिहिताना आमच्या लेखकांची लेखणी हटकून ऋषी, मौनी, समाधिस्थ या शब्दांकडे वळते. झेनचा आणि रमण महर्षींचा त्यांच्यावर प्रभाव होता, ते थोडे बोलत, वर्षाकाठी मोजकीच चित्रे करीत, हे सर्व खरे. परंतु रोलरने रंगाचा थर पसरणे, सुरीने तो खरवडणे, कागदाच्या तुकड्यांनी रंग उमटवणे वा उचलणे, खालचा थर वरच्यातून किती दिसू द्यायचा याचा हिशेब करणे, ही कामे समाधीत होत नाहीत. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, तेथील चित्रे पाहिली, त्याचेही काही ऋण असेल. आपल्या चित्रांना अमूर्त न म्हणता वस्तुनिरपेक्ष म्हणावे, हा त्यांचा आग्रह म्हणजे एक काटेकोर कलाविचार आहे. मौनाची आख्यायिका या विचाराला ऐकू येऊ देत नाही. बाजाराला ती मात्र छान ऐकू येते. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र तेवीस कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेले. शांततेला भाव असतो. फक्त ती शांतता समजावून सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर नसते. समीक्षकावर ती असते, आणि तोही गप्प राहिला तर त्याला मौन म्हणत नाहीत.

साहित्याच्या वाचकांनी हे प्रकरण चित्रकारांचे म्हणून सोडून देऊ नये. ‘गूढगुंजन’ हा शब्द आमच्याच वर्गांतला. केशवसुतांच्या ‘झपूर्झा’पुढे तो लिहिला की दहा गुणांचे उत्तर पूर्ण होते. ‘झपूर्झा’ हा शब्द मुलींच्या खेळातल्या बोलावरून घडवलेला आहे, अर्थाआधी नादाने आणि गिरकीने तो काम करतो, ज्ञानाच्या कडेवर उभ्या असलेल्या माणसाला कवीने पोरींच्या खेळातला शब्द का द्यावा, हा खरा प्रश्न. तो त्या लेबलाखाली दडपला जातो. बालकवींच्या ‘औदुंबर’चे तेच. आठ ओळींची कविता. निळासावळा झरा, हिरवी शेते, पांढरी पायवाट, काळा डोह. दृष्टी दुरून जवळ येते, मोकळ्यातून कोंडलेल्याकडे जाते, रंग गडद होत जातात, हालचाल मंदावते, आणि मग पाण्यात पाय सोडून बसलेले ते झाड. वाचकाच्या अंगावर येणारा शहारा या क्रमातून आला आहे. रंगांचा क्रम उलटा करून पाहा, शहारा येत नाही. मग ‘औदुंबर म्हणजे आत्मा की मृत्यू की विरक्ती’ असल्या उखाण्यांत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या का खपवल्या? मर्ढेकरांनी लयीचा आणि रचनेचा विचार इतक्या आग्रहाने मांडल्यानंतरही आम्ही कवितेत दडलेले ‘गुपित’च शोधत बसलो, याची शरम वाटायला हवी.

कोणी म्हणेल, हे सारे कवित्वाचे हिशेबनीस करणे झाले. अनुभवाला तुम्ही कारागिरीत विरघळवून टाकता. या आक्षेपाला आमच्या परंपरेनेच उत्तर देऊन ठेवले आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन येते. मराठीत यापेक्षा अधिक ‘गूढ’ विषय कोणता सांगावा? आणि तेथे ज्ञानदेव काय करतात? आसन कसे घालावे, टाच कुठे दाबावी, हनुवटी कुठे टेकावी, इथपासून सुरुवात करतात. शरीरात काय काय होत जाते ते टप्प्याटप्प्याने, उपमेमागून उपमा देत, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे करतात. अनुभव शब्दांपलीकडचा आहे हे त्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? पण ते कारण सांगून त्यांनी शब्दांची काटकसर केली नाही. अदृश्याशी ज्यांचा खरा व्यवहार असतो, ते तपशिलात शिरतात. धूसर भाषा ही ज्यांचा तसा व्यवहार नाही त्यांची गरज असते.

थिऑसफीचे दावे आज कोणी पडताळून पाहिले तर त्यांतले बहुतेक टिकणार नाहीत. म्हणून मोंद्रियानचे चित्र पडत नाही. चुकीच्या विश्वचित्रातून खरे चित्र जन्माला येऊ शकते, हेच कलेतले खरोखर नवलाचे स्थान आहे, आणि त्या स्थानाशी भक्त जसा पोहोचत नाही तसाच केवळ खंडन करणारा बुद्धिवादीही पोहोचत नाही. तेथे पोहोचायचे तर कोणत्या कल्पनेचे कोणत्या साहित्यात, कोणाच्या हातून, कोणाच्या मदतीने आणि कोणासाठी चित्र झाले, हे विचारावे लागते. पुढच्या वेळी ‘अदृश्याचा शोध’ घेणारे एखादे समूहप्रदर्शन आपल्या गावात आले की पुस्तिका मिटून ठेवावी आणि हे पाच प्रश्न घेऊन आत जावे. विद्यार्थ्यांनाही बरोबर न्यावे, आणि परतल्यावर त्यांनी लिहिलेल्या टिपणात ‘गूढ’ हा शब्द जेथे जेथे आला असेल तेथे तांबड्या शाईने एवढेच विचारावे : म्हणजे काय दिसले?